पालथी वाटी

परवा रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर एक स्टीलची वाटी पालथी घातलेली होती. शेजारी रेवानं वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘हात लावू नये’. वाटीखाली एक कागद होता, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा, आणि त्या दोन रंगांच्या सीमेवर सोसायटीच्या हिरवळीतून आणलेल्या एका छत्रीचं नुसतं डोकं, दांडा कापून, पोट खाली करून ठेवलेलं. सुनेनं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “आई, ती वाटी आता जेवणात घ्यायची नाही हं,” एवढंच म्हणून ती दिवा घालवून निघून गेली. वाटी तशीही जुनीच होती, काठाला पोचा आलेली.

उपद्व्याप माझाच. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर नात खाली खेळायला गेली ती ओंजळीत ही वस्तू घेऊन वर आली. चांगली बशीएवढी, पांढरीशुभ्र, मधोमध भाकरीला पडावेत तसे तपकिरी डाग. दांड्यावर एक सैल कडं. “आजी, ही खायची का?” तिनं विचारलं, आणि माझा हात आपोआप पुढे झाला, छत्री तिच्या ओंजळीतून उचलली, उलटी केली आणि आधी तिचं पोट पाहिलं. ते केल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा हात माझा नव्हेच. हा माझ्या आजीचा हात.

आमचं गाव सावंतवाडीच्या दक्षिणेला, गोव्याच्या हद्दीला लागून. आजी बाजारात बांगडा घेताना अंगठ्यानं त्याचा कल्ला उचलून बघायची. आत लालभडक दिसलं तरच पुढचं बोलणं. कोळीण कितीही शपथा घेवो, आजीचा विश्वास कल्ल्यावर. आणि पावसात रानातून कुणी अळमी आणून दारात टाकली, की तीसुद्धा ती तशीच अंगठ्यानं उलटायची. आतल्या त्या पातळ पातळ चुण्यांवरून नख फिरवायची, वास घ्यायची, दांड्याचा बुडखा बघायची आणि मग निकाल द्यायची. “ही आपली”, नाहीतर “ही कुत्र्याची”. आपली आणि कुत्र्याची, जगातल्या सगळ्या छत्र्यांचे तिच्या लेखी एवढेच दोन वंश. इंग्रजीत आणि जीवशास्त्रात माशाच्या कल्ल्याला आणि अळंबीच्या चुण्यांना एकच शब्द आहे, हे मला फार पुढे कॉलेजात कळलं. तिला ते न शिकताच ठाऊक होतं.

कुत्र्याची छत्री हे नाव कसं पडलं, हे मराठी घरात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. कुत्रा जिथे पाय वर करतो तिथे ती उगवते, म्हणून तिला शिवायचं नाही. मुलांना विषापासून लांब ठेवायला एवढी घाण पुरेशी होती. पुढे पुढे तर गल्लोगल्ली निघालेल्या क्लासांना आणि पक्षांनाही हीच उपमा मिळाली. धर्मशास्त्रानंही तिला फारसं जवळ केलेलं नाही. मनुस्मृतीत लसूण आणि कांदा यांच्या पंगतीत कवकाला बसवून ते द्विजांनी खाऊ नये असं सांगितलं आहे. तोच कवक शब्द आता आमच्या पाठ्यपुस्तकात ‘फंगस’साठी सोवळा होऊन बसला आहे. गंमत अशी की एकीकडे हा विटाळ आणि दुसरीकडे हिच्याच बहिणींसाठी जीव टाकणं. विदर्भात सात्या आल्या की बाजारात गर्दी उसळते. गोव्यात रोयणी अळमी रस्त्याच्या कडेला पानात बांधून, मोजून विकतात आणि भाव ऐकून माणूस दचकतो, पण घेतो. श्रावणात मासे-मटण वर्ज्य असताना अळम्यांचं तोणाक हा केवढा दिलासा असतो, ते तिकडच्या माणसालाच विचारावं. मटणासारखी लागते, असं सगळे म्हणतात. त्यात थोडं तथ्यही आहे. अळंबीच्या पेशींची भिंत ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचं कुर्ल्याचं कवच. वंशावळ काढली तर ही मंडळी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. हे मी एकदा श्रावणात पंगतीत बोलून गेले होते. पुन्हा बोलले नाही.

रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. आमच्याकडे सातेरी देवीचं रूपच ते. कित्येक गावांत देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती नसतेच, मातीचं वारूळ असतं आणि त्यालाच फुलं वाहतात. त्यामुळे रोयणीवरची अळमी काढायला जायचं म्हणजे चोरी नव्हे, पण परवानगी मागून घेणं होतं. आजी आधी हात जोडायची. मग गुडघ्यावर बसून बोटांनी माती सैल करायची. “मुळाक हात घाल, दांडो मोडू नको,” हे ती मला दरवर्षी सांगायची, आणि दरवर्षी माझ्याकडून दांडा मोडायचाच. मातीच्या वर छत्री आणि जेमतेम चार बोटं दांडा, पण खाली तो निमुळता होत होत, काळपट, चिवट, वीतभर, कधी हातभरही खोल गेलेला. ओढून निघत नाही. तो कुठवर जातो हे मी तिला विचारलं होतं. “देवीच्या घराक,” ती म्हणाली. गडगडाट झाला की देवी अळमी वर पाठवते, असंही.

उत्तर तसं बरोबरच होतं, फक्त तिथे घर वाळवीचं. वारुळाच्या पोटात वाळवी अक्षरशः शेती करते. सुकी पानं, लाकूड, गवत चावून, पोटातून काढून ती त्याचे स्पंजासारखे पोळे रचते. त्या पोळ्यावर एक विशिष्ट बुरशी वाढते, आणि जे लाकूड वाळवीला स्वतःला पुरतं पचत नाही ते बुरशी पचवून देते. वाळवी ती खाते, तिची राखण करते, परकं तण वाढू देत नाही. हा बटाईचा व्यवहार सुमारे ३ कोटी वर्षं जुना आहे, म्हणजे माणसानं नांगर धरला त्याच्या कितीतरी आधीचा. पावसाळ्यात जमीन भिजली की ही बुरशी पोळ्यावरून एक धागा वर पाठवते. रोयणी अळमीच्या टोपीला मधोमध एक टणक, टोकदार उंचवटा असतो. लहानपणी मला तो देवळाच्या कळसासारखा वाटायचा. तो शोभेचा नाही, ती पहार आहे. कडक माती त्यानं फोडत फोडत अळमी बाहेर येते आणि वर आल्यावरच छत्री उघडते. रोजेर हाइम या फ्रेंच अभ्यासकानं १९४२ मध्ये या वंशाला ‘टर्मिटोमायसिस’ असं नाव दिलं, म्हणजे वाळवीची बुरशी. रोयणी अळमी हे नाव त्याहून चांगलं आहे. त्यात पत्ताही आहे.

रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले. वाटी जागच्या जागी. उचलून बघण्याचा मोह झाला, पण ‘हात लावू नये’ हे वाक्य नातीनं लिहिलं की त्याला फार जोर येतो. खुर्ची ओढून नुसती बसले.

दुपारीच सुनेनं फ्रिजमधून बटण मशरूमचा डबा काढला होता, तेव्हा रेवाला मी एक मशरूम उभा चिरून दाखवला होता. शरीररचनेचा याहून स्वस्त वर्ग नाही. वर टोपी, खाली आखूड दांडा, आणि टोपीच्या काठापासून दांड्यापर्यंत ताणलेला एक पातळ पापुद्रा. त्या पापुद्र्याच्या आत, बंद खोलीत दिवाणखान्याचे पडदे घडी करून ठेवावेत तशा गुलाबी-करड्या चुण्या. बाजारात येणारे मशरूम या पापुद्र्याच्या आत असतानाच खुडलेले असतात. लग्नाआधीच, असं मी म्हणणार होते, पण आठ वर्षांच्या मुलीपुढे आवरलं. खुडले नसते तर टोपी पसरली असती, पापुद्रा काठापासून सुटला असता आणि त्याचा फाटका घेर दांड्याला कड्यासारखा लटकून राहिला असता. म्हणजे हिरवळीतल्या छत्रीच्या दांड्यावर रेवानं बोटानं वरखाली सरकवून पाहिलं ते कडं हा दागिना नव्हे, उघडून टाकलेल्या दाराची चौकट आहे.

काही छत्र्यांत याच्याही आधीचा एक पडदा असतो, अख्ख्या बाळाला गुंडाळणारा. मातीत किंवा पेंढ्यात त्या वेळी दिसतं ते एक पांढरं अंडं. आतली छत्री वाढली की अंड्याचं कवच फाटतं, खालचा अर्धा पेल्यासारखा दांड्याच्या बुडाशी राहतो, वरचे तुकडे टोपीवर खवल्यांसारखे चिकटतात. आजी बुडखा बघायची तो या पेल्यासाठी. कापून आणलेली अळमी ती घरात घ्यायची नाही, कारण कापणारा पेला मातीत सोडून येतो आणि साक्षीदारच गायब होतो. जगातली बहुधा सर्वांत जास्त माणसं मारणारी छत्री, ‘डेथ कॅप’, हिच्या बुडाशी असाच पेला असतो, वर अंगठी, पोट पांढरं. पण पेला दिसला की विष, असंही नाही. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात ती अळंबी अशीच अंड्यातून, अशाच पेल्यातून निघते आणि पूर्व आशियात आवडीनं खाल्ली जाते. याच सारखेपणानं घात केला आहे. आशियातून अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्या लोकांनी तिथल्या झाडाखाली ओळखीचं अंडं बघून ते माहेरचं समजून शिजवलं, आणि माणसं गेली. एका अवयवावरून निकाल देता येत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, किडे लागलेली असेल तर चांगली, या सगळ्या खुणा खोट्या. आजीनं चमचा कधी बुडवला नाही. तिच्याकडे चांदीचा चमचा नव्हता, हे एक कारण असू शकेल.

अंड्यातून छत्री एका रात्रीत निघते, याचं मला लहानपणी फार आश्चर्य वाटे. काल इथे काही नव्हतं, आणि आज हे. खरं तर काल सगळं होतं. अंडं असतानाच छत्रीतल्या बहुतेक पेशी तयार होऊन दाटीवाटीनं बसलेल्या असतात. रात्री त्या फक्त पाणी पितात आणि फुगतात, एकादशीच्या आदल्या रात्री भिजत घातलेल्या साबुदाण्यासारख्या. दहातले नऊ हिस्से पाणीच. म्हणून पाऊस लागतो आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी उन्हात ती अशी कोसळते, की एवढी मोठी वस्तू होती कुठे, असा प्रश्न पडावा. उकिरड्यावरच्या काही छत्र्या तर कोसळतही नाहीत, काठापासून वितळत वितळत काळी शाई होऊन ठिबकतात.

पण हा सगळा थाट, टोपी, दांडा, कडं, पेला, कशासाठी, तर त्या चुण्यांसाठी. त्यांना जमिनीपासून दोन-चार बोटं उंच धरायचं आणि कोरडं ठेवायचं. छत्री हा शब्द आपण दिला तो आकार बघून, काम न बघता, तरी तो कामालाही लागू पडला. पाऊस वरून येतो तेव्हा जपायचं ते खाली असतं.

त्या चुण्यांच्या भिंतींवर, डोळ्याला न दिसणाऱ्या गदेसारख्या पेशी दाटीनं उभ्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर साधारण चार बारीक शिंगं आणि प्रत्येक शिंगावर एक बीजाणू, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. बटण मशरूमच्या गदेवर बहुतेक वेळा दोनच, आणि शास्त्रीय नावातलं ‘बायस्पोरस’ ते त्यावरूनच. हा बीजाणू आपोआप गळत नाही, उडवला जातो. त्याच्या बुडाशी थोडा साखरेचा अंश असतो, त्यावर हवेतली वाफ धरून एक थेंब फुगतो. शेजारी बीजाणूच्या अंगावर पाण्याचा पातळ थर. थेंब मोठा होत होत त्या थराला टेकतो, झटकन त्यात मिसळून जातो आणि त्या हिसक्यानं बीजाणू शिंगावरून सुटतो. गवताच्या पात्यावर दोन दवबिंदू एकमेकांत मिसळताना पात्याला जो झटका बसतो, तेवढंच हे यंत्र. फेक किती, तर मिलिमीटरचा दहावा भाग. तेवढ्यात हवा त्याला थांबवते आणि मग तो दोन चुण्यांच्या मधल्या बोळातून सरळ खाली येतो.

सरळ खाली येतो, यात सगळी गोम आहे. बोळ अरुंद, चुण्या उंच. चुणी थोडी जरी तिरकी झाली तर बीजाणू समोरच्या भिंतीला चिकटून वाया जाणार. म्हणून छत्री ओळंब्यात असावी लागते. गवंडी भिंत बांधताना दोरीला वजन बांधून सोडतो तो ओळंबा. आजीची अळंबी आणि गवंड्याचा ओळंबा यांचा व्युत्पत्तीनं काही संबंध असेल असं मी म्हणत नाही, पण कानाला तो आहे. कुंडीत आडवी उगवलेली छत्री बघा, दांडा वाकवून वाकवून ती टोपी सपाट करते, आणि मग राहिलेली कसर प्रत्येक चुणी स्वतः वळून भरून काढते. खाली कुठे आहे हे तिला कळतं. डोळे नाहीत, कान नाहीत, पण एवढं एक कळतं.

यातलं बरंचसं निरखलं ते आर्थर हेन्री रेजिनाल्ड बुलर या माणसानं. जन्म १८७४ चा, बर्मिंगहॅमचा, पण आयुष्य गेलं कॅनडात विनिपेगच्या थंडीत. पुस्तकाचा पहिला खंड १९०९ ला आला, आणि ते काम त्याच्या मृत्यूनंतरही छापलं जात राहून सात खंडांपर्यंत गेलं. कुरणातल्या एका साध्या छत्रीतून किती बीजाणू पडतात हे त्यानं काढलं. सुमारे १८० कोटी. आणि पडताना ते दिसावेत म्हणून त्यानं केलं काय, तर अंधारात छत्रीखाली आडवा प्रकाशाचा झोत सोडला. खोलीत कवडसा आला की त्यात धूळ तरंगताना दिसते ना, तसे ते दिसले. सापेक्षतेच्या सिद्धान्तावर, प्रकाशाहून जोरात जाणाऱ्या एका तरुणीची जी पाच ओळींची चेष्टेखोर कविता विज्ञानाची माणसं अजून एकमेकांना ऐकवतात, तीही याच माणसाची. चुण्यांमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला असा विनोद सुचावा, हे मला फार आवडतं.

त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, लंडनच्या लिनियन सोसायटीत याच बीजाणूंच्या रुजण्यावर एक निबंध वाचला गेला. लिहिला होता एका तरुण बाईनं, वाचला पुरुषानं, कारण त्या बैठकीला बायकांना प्रवेश नव्हता. पुढे पीटर रॅबिटच्या गोष्टी लिहून जगभर पोचलेली बिअॅट्रिक्स पॉटर ती हीच. तिनं काढलेली छत्र्यांची शेकडो जलरंगचित्रं आता इंग्लंडमधल्या अँबलसाइड या गावच्या संग्रहालयात आहेत. त्यांतल्या काही छत्र्या तिनं उभ्या चिरून रंगवल्या आहेत, आतून.

पुण्यात मला या विषयाची आठवण होते ती गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर. त्या रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. रस्ता आगरकरांचा, संस्था आघारकरांची, आणि रिक्षावाल्यापासून पत्रिका छापणाऱ्यापर्यंत सगळे ती दोन नावं एक करून टाकतात. समाजसुधारक वेगळे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर वेगळे. तिथे कवकांचा मोठा संग्रह आहे, वाळवलेल्या नमुन्यांचा आणि नळ्यांत जिवंत जपलेल्यांचाही. वाळवल्यावर छत्रीची टोपी सुकते, रंग उडतो, डौल तर पहिल्या दिवशीच जातो. पण चुण्यांत अडकलेले बीजाणू टिकतात, आणि वर्षानुवर्षांनी कुणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर तिची ओळख पटते.

आणि जिला आपण छत्री म्हणून ओळखतो, कापतो, रंगवतो, ती मुळात त्या जीवाचा एक लहानसा, चार दिवसांचा भाग. माझ्या वहिनीनं पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकून घरी धिंगरी अळिंबी लावली होती. भिजवून उकळलेलं काड प्लास्टिकच्या पिशवीत, मधूनमधून बियाणं, आणि पिशव्या माळ्याखाली टांगलेल्या. पंधरा-वीस दिवस काहीच नाही, फक्त काड आतून पांढरं पांढरं होत गेलं, कापसाच्या धाग्यांनी विणल्यासारखं. भाऊ म्हणाला, “बुरशी लागली, टाकून दे.” वहिनी म्हणाली, “तीच तर लावलीय.” तो पांढरा पसारा म्हणजे खरा जीव. छत्री हे त्याचं फळ, तेही त्याला वाटलं तर. दोन वेगवेगळ्या बीजाणूंचे धागे मातीत भेटतात, त्यांच्या पेशी एक होतात, पण पेशीतली केंद्रकं एक होत नाहीत. प्रत्येक पेशीत दोन-दोन, शेजारी शेजारी. एका घरात दोन चुली. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं हा संसार असाच मातीत चालतो. ती दोघं अखेर एक होतात ती कुठे, तर त्या चुणीवरच्या गदेत, आणि एक झाल्याबरोबर त्यांची वाटणी होऊन चार बीजाणू बाहेर पडतात. एवढ्या लांबलेल्या सोबतीनंतरचं मिलन अगदी क्षणाचं. मी त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात वाटीकडे बघत बसले होते तेव्हा वाटीखाली हेच चालू असणार. तेही कोट्यवधी वेळा, आणि काडीचाही आवाज नाही.

रोयणी अळमीचं वर्तुळ मात्र मला सर्वांत देखणं वाटतं. ती वारूळ फोडून वर येते, उघडते, तिचे फिकट गुलाबी बीजाणू आसपासच्या मातीत पडतात. त्याच पावसात उडालेल्या पंखवाल्या वाळव्यांची नवी घरं मातीखाली कुठेतरी सुरू झालेली असतात. त्या नव्या घरातली पहिली कामकरी वाळवी चारा शोधायला बाहेर पडते आणि चाऱ्याबरोबर हे बीजाणू घरी नेते. बहुतेक जातींत आईबापांकडून बियाणं मिळत नाही, असं बाहेरूनच गोळा करावं लागतं. म्हणजे कोवळी अळमी, उमलायच्या आधीचीच, टोपलीभर खुडून आणली तर चव उत्तम, पण मातीत काही पडत नाही. आजी रोयणीवरची दोन-तीन नेहमी ठेवून द्यायची, पूर्ण उघडलेली, कडा फाटलेली. “ती देवीची,” म्हणायची. मला वाटायचं, जून झालीत म्हणून ठेवली.

सकाळी रेवानं दात न घासताच वाटी उचलली. छत्री मलूल होऊन कागदाला चिकटली होती. ती हलकेच सोडवली, आणि दोघी नुसत्या बघत राहिलो. कागदावर चक्र उमटलं होतं, मधे दांड्याची रिकामी वर्तुळाकार जागा आणि तिथून निघालेले बारीक, सरळ, एकसारखे आरे. काळ्या अर्ध्यावर ते राखाडीसारखे फिकट दिसत होते. पांढऱ्या अर्ध्यावर हिरवे. शेवाळी, मळकट, पण हिरवेच.

“आजी, हिची शाई हिरवी!”

हिरवा ठसा छत्र्यांत फार विरळा. हिरवळींवर उगवणारी ही पांढरी देखणी छत्री, ‘क्लोरोफायलम’ तिचं नाव. हरितद्रव्याचाच शब्द, पण अंगात हरितद्रव्याचा थेंब नाही. नाव पडलं ते चुण्यांवरून. कोवळी असताना चुण्या पांढऱ्याच असतात आणि खाण्याच्या अळंबीसारख्या दिसतात. बीजाणू पिकले की हळूहळू हिरवट होतात, पण तोवर पुष्कळांनी ती तव्यावर टाकलेली असते. मग काही तासांत उलट्या आणि जुलाब. मी रेवाला एवढंच सांगितलं, “ही आपली नव्हे.” कुत्र्याची म्हटलं नाही. कुत्र्यांनाही ती सोसत नाही.

तिनं ठशावर आईचा हेअर स्प्रे मारला, तो हलू नये म्हणून. ही युक्ती तिची तिनंच काढली, आणि मला वाटतं ती चालेल. कागद आता तिच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. वाटी मी तीनदा घासली आणि कुंड्यांत पाणी घालायला ठेवून दिली.

काल संध्याकाळी पाऊस उघडल्यावर तिनं मला खाली ओढून नेलं. माळीकाकांनी सकाळी खराट्यानं सगळ्या छत्र्या झोडपून काढल्या होत्या, तरी पारिजातकाच्या पलीकडे दोन सुटल्या होत्या. अंधार पडायला आला होता. रेवा ओल्या गवतावर सरळ पालथी झोपली, गाल मातीला टेकवून, आणि खालून वर बघायला लागली. सुनेला तिचा फ्रॉक कुठल्या तोंडानं दाखवायचा, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

“काय दिसतंय?”

“काही नाही. काळोख.”

मी गुडघे सांभाळत खाली बसले. मोबाईलची बॅटरी लावली आणि छत्रीच्या खालून, जमिनीला धरून, आडवा उजेड सोडला.

“आता?”

तिनं उत्तर दिलं नाही. नुसता हात वर केला, मी बोलू नये म्हणून.